काळ्या ज्वालामुखीचा देवपुरातला मुक्काम

२६ डिसेंबर १९५४, रविवार

काल जळगावला फ्री-स्टाईल कुस्त्या पाहिल्या. चुका सतरा. मोजून. तिकिटाच्या मागे लिहायला घेतल्या, तिकीट पुरेना, म्हणून चाळीसगावला गाडी बदलताना शेजारच्याच्या वर्तमानपत्राच्या कडेला लिहिल्या. त्याने हरकत घेतली. अभ्यासू माणसाला या देशात कोणी विचारत नाही.

मुख्य चूक : बोलिव्हियाचा काळा ज्वालामुखी, तोंडावर काळा मुखवटा, सहा फूट उंच, आणि त्याला पहिल्याच दिवशी सात मिनिटांत चीतपट केला! आता दुसऱ्या दिवशी पब्लिकने काय रिकामं रिंग बघायला यायचं?

व्हिलनने आधी जिंकावं. तेही लबाडीने. लबाडी पब्लिकला दिसावी, रेफरीला दिसू नये. मग हजार माणसं बोंबलतात, रेफरी तिकडे बुटाची नाडी बांधतोय, आणि माणूस उद्याचं तिकीट आजच मागतो. एवढं साधं आहे.

आमच्या कचेरीतले लोक म्हणतात, ही नुरा कुस्ती, सगळं आधीच ठरलेलं. अरे बाबांनो, ठरलेलं आहे म्हणूनच ते नीट ठरवायला हवं! जत्रेतली कुस्ती खरी असते. पडला तो पडला, नारळ घेऊन घरी. इथे माणूस का पडला याला महत्त्व. ते ठरवायला डोकं लागतं. ते माझ्याकडे आहे.

संकल्प : १) कंपनीचे मालक रतिलालशेठ यांना सविस्तर पत्र. २) नक्कलखात्यात म्हातारं व्हायचं नाही. अकरा वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं उतरवून काढतोय. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, मी ठरवलेलं जसंच्या तसं घडलं पाहिजे.

२७ डिसेंबर

पत्र टाकलं. पानं आठ.

३ जानेवारी १९५५, सोमवार

उत्तर आलं! कार्डावर दोन ओळी. कंपनी १२ ते १६ धुळ्याला येते, मी बुधवारी मैदान बघायला येतोय, भेटा. मंडळींना वाचून दाखवलं. ती वांगी भाजत होती, म्हणाली, बरं. भिकूबाई बाई चांगली आहे, पण तिला यातलं काही कळत नाही.

५ जानेवारी, बुधवार

रतिलालशेठना भेटलो. पाऊण तास बोललो. ते डोळे मिटून ऐकत होते. इतकं एकाग्र होऊन माझं आजवर कोणी ऐकलेलं नाही. मध्ये एकदा मान छातीवर आली ती विचारानेच असणार.

माझा पाच दिवसांचा प्लॅन : पहिल्या दिवशी ज्वालामुखी आपल्या हिरोच्या, सातपुडा केसरीच्या, डोळ्यांत राख टाकून जिंकतो. दुसऱ्या दिवशी रेफरीलाच उचलून आपटतो. तिसऱ्या दिवशी खान्देशाचा अपमान करतो. चौथ्या दिवशी केसरीचा हात पिरगाळतो. पाचव्या दिवशी तोच हात गळ्यात बांधून केसरी येतो, एका हाताने त्याला पाडतो आणि मुखवटा फाडतो. पब्लिक वेडं होऊन घरी जातं.

शेठ जागे झाले, म्हणजे डोळे उघडले, आणि विचारलं, इथे देवपुरात घर आहे ना, खोल्या किती? तीन म्हणालो. मग म्हणाले, हिरो आणि व्हिलन एका लॉजमध्ये दिसले तर धंदा बसतो, तुम्हाला तर सगळं समजतंच. ज्वालामुखी तुमच्याकडे उतरेल. हा माझ्यावरचा विश्वास. प्लॅन मंजूर का, विचारलं. करून बघू म्हणाले. कंपनीबरोबर कायमचं घ्याल का, कथा-योजक म्हणून? त्यावर नुसतंच ‘जोईशुं’, म्हणजे बघू, म्हणाले. व्यापारी माणूस याहून जास्त बोलत नाही. झालंच समजा.

७ जानेवारी, शुक्रवार

राजीनामा दिला. ३१ पासून मोकळा. हेडक्लार्क छगनराव म्हणाले, शालिग्रामभाऊ, चार दिवस विचार करा. विचार करणाऱ्यालाच सांगतात विचार कर! त्यांना म्हणालो, नकला उतरवायला दुसरा कोणी बघा.

मंडळींना अजून सांगितलं नाही. योग्य वेळी सांगेन.

१० जानेवारी, सोमवार

ज्वालामुखी आला. टांग्यातून, मुखवट्यासकट. टांग्याच्या मागे सबंध गल्ली.

मंडळींना बजावलं : हा परदेशी माणूस. आपली भाषा येत नाही. त्याच्याशी बोलायचं नाही, कोणाला काही सांगायचं नाही. ज्वालामुखीलाही बजावलं : घरातसुद्धा बोलिव्हियाचंच राहायचं. त्याने मान हलवली. जेवायला भरीत आणि कळण्याची भाकरी होती. मी म्हणालो, परदेशी माणसाला हे कसं चालेल, अंडी आणतो. मी अंडी आणेपर्यंत तो सहा भाकरी जेवला होता.

११ जानेवारी, मंगळवार

घात झाला. पण आटोक्यात आहे.

सकाळी जेवताना ज्वालामुखी बोलला. सातव्या भाकरीला तो म्हणाला, अक्का, अजून एक वाढजो.

वाढजो! मंडळींच्या हातातून काठवट पडली. ती जामनेर तालुक्यातली. तिकडेच असं बोलतात. तिने विचारलं, कुठला रे भाऊ तू? तो माझ्याकडे बघायला लागला. मी डोळ्यांनी नको नको म्हणत होतो. त्याने मुखवटा वर केला आणि सगळं सांगितलं. नाव जीवराम. बाप कापूस लावतो. गाव हिच्या माहेरापासून दीड कोसावर. हिच्या वडिलांची विहीरसुद्धा त्याला माहीत!

मग ही रडायला लागली. हिला भाऊ नाही, आईवडील जाऊन सात वर्षं झाली. आखाजीच्या सणाला गल्लीतल्या सगळ्या बायकांना माहेरी न्यायला मुराळी येतात, हिला कोणी येत नाही. दर वर्षी त्या दिवशी ही उगाच भांडी घासत बसते. मला वाटायचं, स्वच्छतेची आवड.

जीवरामही रडला. सहा फुटांचा माणूस, मुखवटा टोपीसारखा डोक्यावर, डोळे पुसतोय. तिने त्याला कुंकू लावलं आणि म्हणाली, आजपासून तू माह्या धरमाचा भाऊ. आणि दोघं त्यांच्या बोलीत काय बोलायला लागली! लग्नाला अकरा वर्षं झाली, एवढं ती माझ्याशी एकूणही बोललेली नाही.

दोघांकडून शपथ घेतली. गुपित या तीन खोल्यांत राहील. मी समर्थ आहे.

१२ जानेवारी, बुधवार

पहिला दिवस. विजय! विजय! विजय!

जीवराम घरात गरीब आहे, पण रिंगमध्ये उतरला की काय अंगात येतं त्याच्या! राख टाकली. रेफरी पाठमोरा. पब्लिक नुसतं पेटलं. चौदा चपला रिंगमध्ये पडल्या, त्यांतल्या दोन जोडीने. एक म्हातारा काठी घेऊन उठला. माझ्या अंगावर काटा आला. मी ठरवलं होतं, आणि ते घडत होतं. सातपुडा केसरी डोळे चोळत पडला तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. केसरी साक्रीकडचा, साधा गडी, पडतो फार सुंदर.

शेठ तंबूच्या दाराशी माणसं मोजत होते. मी हात केला. त्यांचं लक्ष नव्हतं.

१३ जानेवारी, गुरुवार

दुसरा दिवस. रेफरी आपटला. चपला तीन.

कारण शोधलं पाहिजे. थंडी वाढली आहे. थंडीत माणूस चप्पल काढायला कंटाळतो.

दुसरं एक कारण : खालच्या रांगेत शेजारच्या बेबाबाई बसल्या होत्या. ज्वालामुखी आत आला तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, हाऊ ते भिकूबाईना भाऊ शे. मी स्वतः ऐकलं. घरी येऊन मंडळींना विचारलं. ती म्हणाली, मी कोणालाच सांगितलं नाही, फक्त बेबाबाईला सांगितलं. आणि नदीवर धुण्याला ज्या होत्या त्यांना. त्यांनी शपथ घेतलीय.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत

अनर्थ.

संक्रांत मध्ये येते हे प्लॅन करताना लक्षात आलं नाही. ही पंचांगाची चूक.

सकाळपासून ज्वालामुखी चुलीपाशी बसून तीळ कुटत होता. दुपारी हळदीकुंकू. देवपुरातल्या चाळीस बायका आल्या. भिकूबाईचा भाऊ बघायला. त्याने हिला चोळीचा खण घेतला, निळा. बायकांनी त्याला तिळगूळ दिला, त्याने प्रत्येकीला वाकून नमस्कार केला. मी मधल्या दारात उभा राहून हळूच म्हणत होतो, अरे चेहरा तरी कडक ठेव. चेहरा कुठला! लाडू खात होता.

संध्याकाळी रिंगमध्ये खान्देशाचा अपमान. वाक्य मी लिहून दिलं होतं, परक्या उच्चारात म्हणायला : तुमचं भरीत म्हणजे चिखल! हे वाक्य धुळ्यात म्हटलं की दगड पडणार. तो रिंगच्या मध्यात उभा राहिला. त्याने खाली पहिल्या रांगेत हिच्याकडे बघितलं. आणि म्हणाला, तुमचं भरीत... भरीत चांगलं असतं.

टाळ्या पडल्या. व्हिलनला! रिंगच्या दोरीतून लोक हात घालून त्याच्या मुठीत तिळगूळ कोंबत होते. केसरीने मुद्दाम लाथ मारली तर पब्लिक केसरीवर ओरडलं, पाहुणा शे रे तो, सणना दिन मारतस का?

अशाने गोष्ट कशी उभी राहायची? द्वेष लागतो हो! द्वेष नसेल तर दोन जाडी माणसं चड्ड्या घालून मिठ्या मारताहेत, एवढंच उरतं.

शेठ पान खात होते.

१५ जानेवारी, शनिवार. दुपार

डोकं फुटायची वेळ आली आहे. काल राजीनाम्याचं आठवून जेवण गेलं नाही. उद्या शेवटचा दिवस. उद्या मुखवटा फाटला पाहिजे, पब्लिक वेडं झालं पाहिजे, नाहीतर शेठ मला घेणार नाहीत आणि कचेरी मला ठेवणार नाही.

उपाय : मंडळींना मैदानावर यायची बंदी. जेवणाच्या वेळी सांगितलं. ती म्हणाली, शेवटच्या दिवशी भावाला मार पडणार आणि मी घरात बसू? मी शांतपणे समजावलं. म्हणालो, ही धंद्याची बाब आहे, तुला कळायचं नाही. म्हणालो, भाऊ कसला, पाच दिवसांचा पाहुणा. जीवराम समोर जेवत होता. त्याने हात धुतला आणि उठला. भाकरी अर्धी होती.

मग एकदाचं राजीनाम्याचंही सांगून टाकलं. तिने जीवरामची अर्धी भाकरी झाकून ठेवली. पटलं असावं.

१५, संध्याकाळ

चौथा दिवस. हात पिरगाळला. पब्लिक म्हणालं, हळू रे.

१६ जानेवारी, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

पाचवा दिवस. तंबू भरलेला. केसरी हात गळ्यात बांधून आला. टाळ्या बऱ्या पडल्या. मला धीर आला. सगळं कागदाप्रमाणे चाललं होतं. केसरीने एका हाताने ज्वालामुखीला पाडला, छातीवर पाय दिला, मुखवट्याला हात घातला. माझा क्षण!

तेवढ्यात पुढून गलका झाला. मंडळी! निळी चोळी, डोक्यावर पदर, मागे देवपुरातल्या वीसपंचवीस बायका. ही दोरीखालून रिंगमध्ये शिरली. ज्या बाईने अकरा वर्षांत चारचौघांत तोंड उघडलं नाही ती केसरीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, काबरं मारता माह्या भावाले?

केसरीने पाय काढला. त्याला पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं, कारण ते कागदात नव्हतं. तो गडबडला, वाकला आणि हिच्या पाया पडला. जीवरामने स्वतःच मुखवटा काढला आणि हिच्या पायाशी ठेवला. मग दोघांनी एकमेकांना मिठी मारली. पब्लिक रडायला लागलं! बाप्ये माणसं उपरण्याने नाक पुसताहेत! सगळा सत्यानाश!

मी गप्प कसा बसणार? छत्री घेऊन रिंगभोवती धावलो, ओरडून सांगितलं की हे ठरलेलं नाही, कुस्ती पुन्हा सुरू करा. कोणी ऐकेना. शेवटी वर चढलो आणि मंडळींना हाताला धरून सन्मानाने खाली आणण्याचा प्रयत्न केला. लोकांचा गैरसमज झाला. शेंगा पडल्या. टरफलं नव्हे, शेंगा. मग चपला. किती ते मोजलं नाही.

एक गोष्ट लक्षात राहिली. शेठ दारातून आत आले होते आणि डोळे टक्क उघडे ठेवून बघत होते. रागानेच.

१७ जानेवारी, सोमवार

कंपनी सकाळच्या गाडीने गेली. माझ्यासाठी निरोप नाही. जीवराम हिच्या पाया पडला, आखाजीला मुराळी म्हणून येतो म्हणाला. माझ्याही पाया पडला. मी म्हणालो, राख टाकताना मनगट अजून मोकळं ठेव.

शेठना खुलाशाचं पत्र. पानं अकरा. दोष कोणाचा नाही, फक्त जागेचा. माझा प्लॅन दुसऱ्या गावी नक्की चालेल.

२२ जानेवारी

उत्तर नाही. मंडळी कामापुरतंच बोलते. पाणी तापलं. जेवा. तेल संपलं.

२६ जानेवारी, बुधवार

सुट्टी. दुसरं पत्र. पानं तीन.

२९ जानेवारी

तिसरं. कार्ड.

३१ जानेवारी, सोमवार

आज शेवटचा दिवस होता. सकाळी छगनरावांपुढे उभा राहिलो. राजीनामा परत घ्यायचाय, हे बोलायला दहा मिनिटं लागली. ते म्हणाले, साहेबांना विचारतो. विचारून आले. नक्कलखात्यात माझ्या जागी माणूस नेमला आहे, तळघरातल्या दप्तरखान्यात जागा आहे. घेता? घेतो म्हणालो. पाठीमागे दोघे हसले. हसू देत.

ही तात्पुरती व्यवस्था आहे.

८ फेब्रुवारी, मंगळवार

हॅंडबिल! कचेरीतल्या शिपायाने जळगावहून आणलं. कंपनी पुन्हा जळगावला. मोठ्या अक्षरांत : धुळ्यात हजारोंना रडवणारी भाऊ-बहिणीची कुस्ती! काळा ज्वालामुखी आणि त्याची बहीण! रविवारी दुपारी तीनचा खास खेळ.

म्हणजे माझी गोष्ट चालली! थोडी वाकडी चालली, पण पाया माझा. घर माझं, बायको माझी, भरीत माझं. शेठचं पत्र टपालात गहाळ झालं असणार. रविवारी जातो. दप्तरखान्यात आज कोणाशी फार बोललो नाही. थोड्या दिवसांची गाठ, उगाच जीव कशाला लावा.

मंडळींना चल म्हणालो. नको म्हणाली. जीवरामसाठी भरीत दिलं बांधून.

१३ फेब्रुवारी, रविवार. जळगाव स्टेशन, संध्याकाळ

दारावरच्या माणसाला म्हणालो, शेठना सांग, शालिग्रामभाऊ आले आहेत. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, तिकीट काढा. काढलं. मागची रांग. शेंगांचा पुडा घेतला.

तंबू असा भरला होता की लोक बांबूंना लटकले होते. कुस्ती झाली, केसरीने छातीवर पाय दिला, आणि बहीण आली. कुठल्याशा नाटक कंपनीतली बाई, निळी चोळी. बरी करत होती. बायका मुसमुसायला लागल्या. मीही नाक पुसलं.

तेवढ्यात दुसऱ्या कोपऱ्यातून एक माणूस निघाला. धोतर, बंद गळ्याचा कोट, छत्री, काखेत कागद. बहिणीचा नवरा. रिंगभोवती तुरुतुरु धावायला लागला आणि ओरडला, हे ठरलेलं नाही! हे कागदात नाही! तंबू खवळला. बहिणीला म्हणाला, ही धंद्याची बाब आहे, तुला कळायचं नाही! म्हणाला, भाऊ कसला, पाच दिवसांचा पाहुणा! काय नीच माणूस! ती बिचारी हात जोडतेय, आणि हा वर चढला, तिचं मनगट धरून तिला फरफटत खाली ओढायला लागला. मला राहवेना. मी बाकावर उभा राहिलो, ओरडलो, धरा त्याला! फेका खाली! हातातला शेंगांचा पुडा तसाच भिरकावला. त्याच्या कानाला लागला.

त्याने वळून चष्मा सारखा केला, अगदी मी करतो तसा. तेव्हा कळलं.

बाकावरून खाली बसलो. शेजारचा माणूस मला हलवून म्हणत होता, भाऊ, ओरडा ना, थांबले काबर? सगळे उभे होते म्हणून मी कोणाला दिसलो नाही. त्या माणसाला रिंगबाहेर फेकलं तेव्हा एवढा आवाज झाला की असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. इतकी बांधीव गोष्ट मी कधी पाहिली नाही. एकही चूक सापडली नाही.

शेठना भेटलो नाही. भरीत दारावरच्या माणसाकडे दिलं.

१४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ

घरी आलो. मंडळी भाकरी थापत होती. भाऊ कसा आहे, विचारलं. बरा आहे म्हणालो. मग म्हणाली, तो आता चांगला झाला, तर त्यात वाईट माणूस कोण ठेवलाय? मी म्हणालो, आहे एक कारकून. बहिणीचा नवरा. ती म्हणाली, त्याचं काय करतात? मी म्हणालो, लोक शेंगा मारतात.

तिचा हात थांबला. मग भाकरी तव्यावर टाकली आणि, गेला महिनाभर कामापुरतं बोलणारी ती, जीवरामशी बोलायची त्या बोलीत मला म्हणाली, फार लागलं का तुमाले?

लागलं, म्हणालो.